अंतर विमानतळांचे की माणसांचे?

पुण्याचे लोहगाव आणि नाशिकचे ओझर ह्या दोन विमानतळांमधील सरळ रेषेतले अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. विमानाला ते कापावयास अर्धा तास पुरतो. ह्या दोन आकड्यांची मोहिनी मोठी विलक्षण आहे. सव्वादोनशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा रस्ता, चाकणची कोंडी, वाटेतले घाट आणि पाच तासांचा शीण ह्यांनी गांजलेल्या माणसाला 'अर्ध्या तासात नाशिक' असे कोणी म्हटले की त्याचे डोळे लकाकतात. म्हणूनच पुणे-नाशिक विमानसेवेची मागणी पुनःपुन्हा डोके वर काढते, आणि म्हणूनच तिचा एकदा शांतपणे हिशेब मांडणे अगत्याचे झाले आहे. आमचा प्रश्न साधा आहे. अंतर मोजावयाचे ते विमानतळापासून विमानतळापर्यंत, की माणसाच्या उंबरठ्यापासून त्याच्या मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंत?

नकाशा उघडून पाहिला तर एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. लोहगाव आणि ओझर ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७३ अंश ५५ कलांच्या आसपास, वसलेली आहेत. त्यांच्यात फरक आहे तो फक्त अक्षांशांचा, म्हणजे एक अंश आणि सुमारे बत्तीस कलांचा. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. तेव्हा हे अंतर सुमारे ९२ सागरी मैलांचे ठरते. विमानाने नाक सरळ उत्तरेकडे धरले की झाले! ही रेषा खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले आणि सिन्नर ह्या तालुक्यांच्या परिसरावरून जाते. मंचर आणि नारायणगाव तिच्या अगदी निकट आहेत. मंचरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घोडेगावाच्या पुढे असलेले शिनोली हे गाव तिच्यापासून पश्चिमेला फार तर चौदा-पंधरा किलोमीटरवर राहते. शिनोलीचा मुद्दाम उल्लेख करण्याचे कारण पुढे येईल. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे की, ह्या उड्डाणाच्या वाटेखाली जो मुलूख आहे तो ओसाड रान नव्हे. तो पुणे जिल्ह्याचा भाजीपाल्याचा आणि द्राक्षांचा मळा आहे.

ही विमानसेवा कल्पनेतली नाही. ती प्रत्यक्षात दोनदा आली आणि दोनदा गेली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'उडान' ही प्रादेशिक विमानसेवेची योजना जाहीर केली. तिच्या आधाराने २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनची अठरा-एकोणीस आसनांची चिमुकली विमाने नाशिकला येऊ लागली. ती सेवा कधी सुरू तर कधी बंद अशी रखडत राहिली आणि अखेर विझली. पुढे २०१९ मध्ये अलायन्स एअरचे सत्तर आसनांचे विमान पुणे-नाशिक मार्गावर आले. २०२२ मध्ये त्या कंपनीनेही नाशिकहून आपला गाशा गुंडाळला. मधल्या काळात करोनाची साथ आली हे खरे. परंतु साथ ओसरल्यावर दिल्ली, हैदराबाद, अहमदाबाद अशा लांबच्या शहरांकडे नाशिकहून विमाने उडू लागली. पुण्याच्या मार्गाचे मात्र तसे झाले नाही. त्याअर्थी दोष साथीचा नसून मार्गाच्याच अंगी असला पाहिजे, असे मानावयास जागा आहे.

'उडान' योजनेमागील हेतूविषयी आमची तक्रार नाही. लहान शहरांतील सामान्य माणसाला विमानात बसता यावे, तासाभराच्या प्रवासाचे भाडे सुमारे अडीच हजार रुपयांच्या मर्यादेत राहावे, आणि त्यात कंपनीला जी तूट येईल ती सरकारने काही काळ भरून द्यावी, अशी ही योजना. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गाबरोबरच आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारी सेवाही ह्याच योजनेखाली सुरू झाली, ह्याचा महाराष्ट्राला आनंदच झाला. परंतु हेतू चांगला असला म्हणून हिशेब विचारावयाचा नाही असे थोडेच आहे? तूट भरून काढण्यासाठी जो पैसा लागतो त्याचा मोठा भाग इतर मोठ्या मार्गांवरील विमानांवर बसविलेल्या आकारातून येतो, आणि काही वाटा राज्य सरकारला उचलावा लागतो. अनुदानाची मुदत साधारण तीन वर्षांची. त्या तीन वर्षांत मार्गाने आपल्या पायांवर उभे राहावे अशी अपेक्षा असते.

ती कितपत फळाला आली? देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात ह्याचे उत्तर आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटण्यात आले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि अनुदान संपल्यावर, २०२३ च्या मार्चपर्यंत, तग धरून राहिले ते अवघे ५४. शंभरातले सात! शेतकऱ्याने शंभर रोपे लावावीत आणि त्यांतली सातच जगावीत, तर तो दोष पावसाला देईल की रोपांच्या निवडीला? आधी पावसाला देईलही. पण दुसऱ्या वर्षी तो रोपे निवडूनच घेईल. सरकारनेही आता निवड करावयास शिकले पाहिजे, आणि निवड करावयाची तर कसोटी हवी.

ती कसोटी कोणती, हे पुणे-नाशिक मार्गाच्याच उदाहरणाने पाहू. पुण्याच्या कोथरूड भागात राहणारा एक गृहस्थ नाशिकला पंचवटीत निघाला आहे अशी कल्पना करा. घरापासून लोहगावपर्यंत पोचावयास, पुण्याची रहदारी ध्यानी घेता, एक तास. तपासणी आणि नोंदणी ह्यांसाठी तेथे सव्वा तास आधी हजर असणे भाग. विमानाचा वेळापत्रकातला वेळ पंचावन्न मिनिटांचा. अर्ध्या तासाच्या उड्डाणाला पंचावन्न मिनिटे का, असे कोणी विचारील. कारण असे की, लोहगावची आणि ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि प्रवास दक्षिणोत्तर. विमानाला पूर्वेस किंवा पश्चिमेस उडून वळावे लागते, आणि उतरतानाही तसेच. शिवाय लोहगाव हे मुळात हवाईदलाचे ठाणे. तेथे नागरी विमानाला आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. नाशिकला उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडावयास वीस मिनिटे. ओझर नाशिक शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे, म्हणून आणखी चाळीस मिनिटे. एकूण बेरीज चार तास दहा मिनिटांची होते. ह्यांत माणूस खरोखर आकाशात असतो तो फक्त अर्धा तास. उरलेला वेळ त्याने मोटारीत, रांगेत आणि खुर्चीत घालविलेला असतो.

हाच गृहस्थ घरासमोरून मोटारीने निघाला असता तर साडेचार-पाच तासांत पंचवटीत पोचला असता. म्हणजे विमानाने वाचला तो पाऊण तास, आणि तोही विमान वेळेवर सुटले तर! ह्या पाऊण तासासाठी त्याने काही हजार रुपये मोजावयाचे आणि वर सरकारने आपल्या तिजोरीतून भर घालावयाची, हा व्यवहार कोणत्या शास्त्रात बसतो? विमानालाही हा मार्ग मानवत नाही. चढतानाच विमान सर्वांत अधिक इंधन पिते. लांबच्या पल्ल्यावर तो खर्च शेकडो किलोमीटरांवर वाटला जातो. येथे विमान धड उंची गाठते न गाठते तोच उतरण्याची तयारी सुरू होते.

आता शिनोलीकडे वळू. शिनोलीतील एखाद्या तरुणाला नाशिकला जावयाचे आहे, आणि त्याने विमानाने जावे अशी आमच्या नियोजनकर्त्यांची इच्छा आहे असे समजू. तो प्रथम घोडेगाव, मंचर, खेड, चाकण असा दक्षिणेला येईल. लोहगाव गाठण्यासाठी त्याला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जावे लागेल, आणि चाकणची कोंडी जमेस धरता त्यात दोन-सव्वादोन तास मोडतील. तेथे तो विमानात बसेल आणि पंधरा मिनिटांच्या आत आपल्याच तालुक्याच्या माथ्यावर येऊन पोचेल! खिडकीतून पाहिले तर डिंभ्याच्या धरणाचे पाणी त्याला चकाकताना दिसेल. नंतर ओझर, नंतर पुन्हा मोटार. सारा प्रवास साडेपाच तासांचा. उलट, तो मंचरला येऊन सरळ उत्तरेची वाट धरील तर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत, चार-साडेचार तासांत, नाशिकला पोचेल. म्हणजे विमानाने त्याला नाशिक जवळ आले नाही. एका तासाने लांब गेले. नाशिकला जावयास निघालेल्याने आधी नाशिककडे पाठ करून पुण्याची वाट धरावी, ह्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात.

ह्याचा अर्थ आम्ही विमानाचे वैरी आहोत असा कोणी काढू नये. विमानप्रवासात एक ठरीव भाग असतो. घरापासून विमानतळ, तपासणी, वाट पाहणे, उतरणे, पुन्हा घरापर्यंत. हा भाग पल्ला शंभराचा असो की हजाराचा, साडेतीन तासांच्या खाली सहसा येत नाही. तेवढ्या वेळात रस्त्याने जाणारा माणूस दीडशे किलोमीटरांच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणून दोनशे किलोमीटरांच्या प्रवासात विमानाला जिंकावयास जागाच उरत नाही. पुण्याहून नागपूरला निघालेल्याची गोष्ट वेगळी. तेथे सातशे किलोमीटरांचा रस्ता दहा-बारा तास खातो, आणि विमान सगळी रांग-तपासणी धरून पाच तासांत पोचविते. त्या ठिकाणी विमानाला उत्तेजन द्यावे, त्यासाठी पैसाही खर्चावा. नाशिकचे विमानतळ दिल्ली, हैदराबाद, बंगळूर ह्यांच्याशी जोडले गेले ते योग्यच झाले. प्रश्न विमान हवे की नको हा नाही. कोणत्या अंतराला कोणते वाहन, हा आहे.

बाहेरच्या जगाने ह्या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२३ मध्ये तो अमलात आणला. जेथे आगगाडीने अडीच तासांच्या आत पोचता येते तेथे देशांतर्गत विमानसेवा बंद. त्यामुळे पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नान्त आणि लियाँ येथे जाणारी विमाने थांबली. स्पेनने १९९२ मध्ये माद्रिद आणि सेव्हिल ह्यांच्यामध्ये वेगवान रेल्वे सुरू केली, तेव्हा त्या मार्गावरील विमानांचे बहुतेक उतारू रेल्वेने आपल्याकडे ओढले. त्यासाठी कायदाही करावा लागला नाही. ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ह्या दोन बेटांमधील विमानप्रवास तीन किलोमीटरांहूनही कमी अंतराचा, दोन मिनिटांच्या आत संपणारा, जगातला सर्वांत लहान नियमित विमानप्रवास आहे. तो चालतो आणि चालावा हेच योग्य, कारण मध्ये समुद्र आहे. पुणे आणि नाशिक ह्यांच्यामध्ये कोणता समुद्र आहे?

समुद्र नाही, पण एक जुनी उपेक्षा मात्र आहे. एके काळी हाच मुलूख दळणवळणाचा केंद्रबिंदू होता. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांतून चढणारा व्यापारी माल नाणेघाटाने जुन्नरला येत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आणि राणी नागनिकेचा लेणीतला शिलालेख आजही त्याची साक्ष देतात. मजल दरमजल करीत येणाऱ्या तांड्यांना जुन्नर हे वाटेवरचे गाव वाटत नव्हते. ते मुक्कामाचे गाव होते. इंग्रजांची आगगाडी आली आणि चित्र पालटले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून पुण्याची वाट खुली केली आणि १८६५ मध्ये थळघाट चढून नाशिककडची. दोन्ही वाटा मुंबईहून निघाल्या, दोन्ही मुंबईसाठीच निघाल्या. पुणे मुंबईला जोडले गेले, नाशिक मुंबईला जोडले गेले. पुणे नाशिकला जोडावे असे कोणाला वाटले नाही. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला तोही पूर्वेकडून वळसा घालून. आज दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तरीही पुण्याहून नाशिकला आगगाडीने जावयाचे तर कल्याणला नाहीतर मनमाडला प्रदक्षिणा घालावी लागते. स्वतंत्र महाराष्ट्राच्या दोन प्रमुख शहरांमध्ये थेट रूळ नसावा, ही शोभेची गोष्ट खचित नव्हे.

ही उणीव भरून निघेल अशी आशा अलीकडे निर्माण झाली होती. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा सुमारे २३५ किलोमीटरांचा आराखडा महारेलने तयार केला. ताशी दोनशे किलोमीटरांचा वेग आणि पावणेदोन तासांत नाशिक. त्याला २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मान्यताही मिळाली. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर अशी स्थानके त्यात योजिली होती. शिनोलीच्या माणसाला वीस किलोमीटरवर आगगाडीचे स्थानक! विमानाचे तिकीट न काढता त्याला तासा-सव्वातासात नाशिक आणि त्याहून कमी वेळात पुणे गाठता आले असते. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजले तरी ह्या रेल्वेने विमानाला आणि मोटारीला सहज मागे टाकले असते.

परंतु २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले की, नारायणगावावरून जाणारा हा मार्ग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीस बाधक ठरत असल्यामुळे होऊ शकत नाही, आणि नवा मार्ग अहिल्यानगर व शिर्डी ह्या बाजूने आखण्यात येत आहे. खोडदच्या दुर्बिणीचा आम्हांला अभिमान आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथे आणि आसपासच्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूत उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या दूरदृष्टीतून उभे राहिलेले हे साधन जगातील शास्त्रज्ञ वापरतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या अतिक्षीण रेडिओलहरी ते टिपते, आणि विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणगीनेही त्या लहरी झाकोळून जाण्याची भीती असते. शास्त्रज्ञांची हरकत अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी ही जागा निवडली तीच मुळी येथील शांतता पाहून.

आमचे म्हणणे इतकेच की, दुर्बिणीचे रक्षण आणि आंबेगाव-जुन्नरच्या लोकांची रेल्वे ह्यांच्यात एकच काही तरी निवडावे लागते, हे अद्याप लोकांपुढे सिद्ध झालेले नाही. मार्ग काही किलोमीटर सरकविणे, संवेदनशील टापूत बोगदा किंवा आच्छादन घालणे, विद्युतव्यवस्थेत फेरफार करणे, असे जे जे पर्याय तज्ज्ञांनी तपासले असतील त्यांचा तपशील, त्यांचा खर्च आणि ते का नाकारले त्याची कारणे लोकांना कळली पाहिजेत. तज्ज्ञांचे मत तेच राहिले तर लोकही ते मान्य करतील. पण चार ओळींच्या उत्तराने चार तालुक्यांची दीडशे वर्षांची प्रतीक्षा निकालात काढणे न्यायाचे नाही. शिर्डीकडून जाणारी रेल्वे अवश्य व्हावी. तिकडच्या लोकांचाही रेल्वेवर हक्क आहे. मात्र तिला पुणे-नाशिक थेट रेल्वे म्हणणे म्हणजे वळशालाच सरळ वाट म्हणणे होय.

विमानतळाच्या जागेची कथाही ह्याच मासल्याची आहे. पुण्याचा नवा विमानतळ चाकण-खेडच्या परिसरात होणार अशी चर्चा वर्षानुवर्षे चालली होती. ती जागा अखेर तांत्रिक कारणांनी बाद झाली आणि २०१६ मध्ये पुरंदरची घोषणा झाली. पुरंदर तालुक्यातील पारगाव, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी आदी गावांतील शेतकरी आपल्या जमिनीसाठी तेव्हापासून झुंजत आहेत. त्या प्रश्नाची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु जो विमानतळ पुण्याच्या उत्तरेस होणार होता तो दक्षिणेस गेला, म्हणजे शिनोली, घोडेगाव, जुन्नर येथून दिल्लीला किंवा परदेशी निघालेल्या माणसाला सारे पुणे शहर ओलांडून जावे लागणार. विमानाचा वेग तोच राहील. उंबरठा मात्र आणखी दीड तास मागे सरकेल. नव्या विमानतळाचे खरे अंतर त्याच्या धावपट्टीच्या लांबीवरून ठरत नाही, तेथवर जाणाऱ्या रस्त्यावरून ठरते. तो रस्ता आणि ती रेल्वे विमानतळाच्या आधी झाली पाहिजे. नंतर होईल, कधी तरी होईल, असे सांगून भागणार नाही.

शहरी वाचकांपैकी कोणी म्हणेल की, शिनोलीसारख्या गावांतून नाशिकला जाणारे असे कितीसे लोक असणार, की त्यांच्यासाठी एवढा खटाटोप करावा? ह्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर त्या वाचकाच्याच ताटात आहे. नारायणगावच्या बाजारातले टोमॅटो, मंचरच्या बाजारातला कांदा-बटाटा, जुन्नरची द्राक्षे ही पुण्या-मुंबईच्या घरांत रोज येतात ती ह्याच रस्त्याने. चाकणच्या कोंडीत मालमोटार तीन तास उभी राहिली की त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला भावात आणि गृहिणीला दरात सोसावा लागतो. विमानाने टोमॅटोची पाटी नाशिकला जावयाची नाही.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी ह्याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ती बातमी बाहेरच्या जगाला कशी कळली? कोणत्याही उपग्रहाने ती कळविली नाही, वरून जाणाऱ्या कोणत्याही विमानाने ती पाहिली नाही. नेहमीप्रमाणे एस. टी. घेऊन तेथे पोचलेल्या चालकाला समोर गावच दिसेना. त्याने मागे येऊन ते सांगितले तेव्हा सरकार जागे झाले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून एस. टी. ने महाराष्ट्राच्या खेड्यांशी जो संबंध जोडला, त्याचा हा सर्वांत करुण पुरावा आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांना हिरडा विकावयास बाजाराला, मुलाला शिकावयास घोडेगाव-मंचरला आणि बाळंतिणीला दवाखान्यात न्यावयास जी गाडी लागते ती विमानतळावर उभी नसते. ती गावच्या फाट्यावर येते, आणि येते म्हणून माणसे जगतात.

सबब आमच्या सूचना अशा आहेत. अडीचशे किलोमीटरांच्या आतील ज्या दोन शहरांमध्ये रस्ता आहे आणि मध्ये समुद्र वा दुर्लंघ्य पर्वत नाही, त्यांच्यातील विमानसेवेला सरकारने अनुदान देऊ नये. कोणी कंपनी स्वतःच्या हिमतीवर विमान उडविणार असेल तर तिने खुशाल उडवावे. कोणत्याही वाहतूक-योजनेचा विचार करताना उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा वेळ मोजावा आणि तो लोकांना सांगावा. त्यात शहरातल्या माणसाबरोबर मधल्या गावातल्या माणसाचा वेळही धरावा. थेट पुणे-नाशिक रेल्वेचे पर्याय तपशिलासह प्रसिद्ध करावेत आणि त्यांवर लोकांची, शास्त्रज्ञांची व अभियंत्यांची उघड चर्चा व्हावी. ती रेल्वे होईतो चाकणचा रस्ता मोकळा करावा. आणि मंचर, नारायणगाव येथून लोहगावला थेट, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या सुरू कराव्यात. ह्या शेवटच्या गोष्टीला ना भूसंपादन लागते ना कोट्यवधींचा निधी. लागते ती केवळ इच्छा.

विज्ञानाने अंतरे जिंकली असे आपण अभिमानाने म्हणतो. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे विमान मुंबईला जुहूवर उतरविले, तेव्हापासून भारतीय आकाशात खरोखरच मोठा पराक्रम झाला आहे. परंतु अंतर जिंकणे आणि अंतर ओलांडून जाणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. दोन शहरांना जोडणारी वाट मधल्या मुलखाच्या डोक्यावरून गेली तर ती फक्त त्या दोन शहरांची होते. ती जमिनीवरून, गावांच्या वेशीवरून, थांबत थांबत गेली तर सगळ्यांची होते. महाराष्ट्र राज्याने आपल्या पैशाने कोणती वाट बांधावी, हा निर्णय अवघड नाही. शिनोलीच्या फाट्यावर उभ्या असलेल्या उतारूला तो केव्हाच कळला आहे. मुंबईच्या मंत्रालयात आणि दिल्लीच्या रेल्वे भवनात तो कळावयाचा तेवढा राहिला आहे.